एका सॉकेटची दोन सर्किटं

३ मार्च

मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. सध्या आम्ही एका वसतिगृहाचं जुनं स्वयंपाकघर नव्याने करतोय. ओटे लांबच लांब आहेत आणि वायरिंग इतकं जुनं की भिंत उकरली की आधीच्या माणसाच्या डोक्यात काय होतं याचाच विचार करत बसावं लागतं. मी वेळेवर जेवते हे मामीला आवर्जून सांगा, नाहीतर पुढच्या पत्रात ती तेच विचारेल.

सुपरवायझरच्या परीक्षेला बसणार आहे हे मागे लिहिलं होतं. त्यातलाच एक प्रश्न तुम्हाला विचारते. समजा एक जोडसॉकेट आहे, वर एक, खाली एक. दोघांना जोडणारी आतली पितळी पट्टी कापून वरच्याला एका सर्किटची वायर दिली आणि खालच्याला दुसऱ्या. म्हणजे किटली आणि ओव्हन एकाच जागी एका वेळी लावले तरी जास्त भार होऊन बोर्डावरचा एमसीबी पडत नाही. असं करायला परवानगी आहे का? आणि असली तर मुख्य बोर्डावर दोन सुटे एमसीबी चालतात का? पुस्तकात आहे की दोन्ही सर्किटं एकाच दांडीने बंद व्हायला हवीत. एखाद्या जुन्या वायरमनने तसं केलं नसेल आणि पुढे काही झालं, तर चूक कोणाची धरायची?

परीक्षेपुरतंच विचारते आहे. पण लवकर लिहा.

तुमची भाची

९ मार्च

भाचेबाई,

पत्र वाचून छाती फुगली. मामीला म्हणालो, बघ, शेवटी पुस्तक मिटून पोरीला मलाच विचारावं लागलं. मामी म्हणाली, पुस्तकाला बढाई मारता येत नाही म्हणून विचारलं असेल. तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

एका सॉकेटला दोन सर्किटं द्यायला कोणाची ना नाही. अट एवढीच, की दोन्ही बंद करायला मिळून एकच दांडी हवी. कारण उघड आहे. कोणी एक एमसीबी पाडला आणि सॉकेट मेलं असं समजला, तरी अर्धं सॉकेट जिवंतच असतं. परीक्षेत हेच लिही, पैकीच्या पैकी मिळतील.

आता परीक्षेबाहेरचं ऐक. मी इथे एकतीस स्वयंपाकघरांत अशी सॉकेटं बसवली आणि एकूण एक ठिकाणी एमसीबी सुटे ठेवले. पहिलं बसवलं त्याला बावीस वर्षं झाली, कोणाला मुंगीही चावली नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या घरी स्वयंपाक कोण करतं ते एकदा विचारायला हवं. चूक कोणाची म्हणतेस, तर काम करणाऱ्याची. वरचं आणि खालचं, दोन्ही न तपासता जो स्क्रू-ड्रायव्हर घालतो, त्याने वायरमनचं काम सोडून फुलांचं दुकान टाकावं. मी सांगितलं म्हणून लिहू नकोस, पण खरं हे असं आहे.

मामी विचारते, खरंच वेळेवर जेवतेस का?

मामा

२७ मार्च

भाचेबाई,

माझ्या पत्राला अडीच आठवडे झाले आणि तुझी एक ओळ नाही. टपालवाल्याला रोज विचारतो. आता तो मला लांबून पाहूनच मान हलवतो.

परीक्षा अवघड गेली का? गेली तर जाऊ दे, मीही दुसऱ्या फेरीत पास झालो होतो, हे तुझ्या आईला माहीत नाही. पण मामी काल भलतंच बोलली. तुझं पत्र तिने पुन्हा काढून वाचलं आणि म्हणाली, "परीक्षेचा प्रश्न असता तर पोरीने चूक कोणाची असं विचारलं नसतं." मी तिला वेड्यात काढलं. तेव्हापासून मलाच चैन नाही. दोन ओळी तरी लिही.

मामा

२ एप्रिल

मामा,

मामीचं बरोबर आहे. परीक्षा नव्हतीच. म्हणजे आहे, पण ती पुढे आहे, आणि आता मला तिला बसू देतील की नाही तेच माहीत नाही.

२६ फेब्रुवारीला सकाळी त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी आणि आमचा पैलवान काम करत होतो. पैलवान म्हणजे माझा जोडीदार. पैलवान नावालाच, अंगाने काडी. ओट्यामागचं एक सॉकेट काढायचं होतं. मी मुख्य बोर्डावर सात नंबरचा एमसीबी पाडला, येऊन वरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला नाही. मी सांगितलं, बंद आहे, काढ. त्याने झाकण उतरवलं आणि वायरी ओढल्या. खालचं सॉकेट अकरा नंबरवर होतं. तो स्टुलावरून फेकला गेला. मनगट मोडलं, हृदयाचे ठोके नीट आहेत का ते बघायला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. जिवावरचं मनगटावर निभावलं.

माझं परमिट विद्युत निरीक्षकांनी जमा करून घेतलं आहे. वीस तारखेला लेखी जबाब द्यायचा आणि मग सुनावणी. आमचे ठेकेदार म्हणतात, एवढंच लिही की जुन्या वायरमनने दोन सर्किटांना एक दांडी दिली नव्हती, बोर्डावर चिठ्ठीही नव्हती. हे खरंच आहे. एवढं लिहिलं तर मी सुटते. पण मी खालचं तपासलं नाही हेही खरं आहे, आणि ते माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही.

तुमच्याकडून मला एवढंच ऐकायचं होतं, की चूक त्या जुन्या वायरमनची. तुम्ही फुलांचं दुकान टाकायला सांगितलंत. फुलांचं नाही, पण पंख्यांच्या एका दुकानात काउंटरवर बसायला विचारलं आहे. पंखे विकताना कोणाला काही होत नाही. मी बहुतेक हो म्हणेन.

भाची

६ एप्रिल

बाळ,

पत्र मामीने मोठ्याने वाचलं, कारण मला दुसऱ्या पानापासून पुढे वाचवेना.

माझ्या त्या पत्राची मला लाज वाटते. आता सरळ सांगतो, मध्ये थांबलो तर पुन्हा लिहायला होणार नाही.

पहिली गोष्ट. एकच दांडी हवी, हे त्या वेळच्या निरीक्षकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. त्यांच्या तपासणीला मी सगळीकडे एका दांडीचे एमसीबी बसवून दाखवले. पण त्यात एक सर्किट पडलं की दुसरंही पडतं. घरोघरच्या बायका तक्रार करायला लागल्या, की ओव्हनने एमसीबी पाडला की किटलीही बंद होते. म्हणून निरीक्षक गेले की मी ते काढून सुटे घालत होतो. एकतीस ठिकाणी. सगळ्या मला हुशार म्हणायच्या आणि मला ते आवडायचं.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. दोन्ही तपासावीत असं मी तुला लिहिलं. पण मी स्वतः कधी तपासली? तू माझ्याबरोबर कामाला यायला लागलीस त्या वर्षी माझी कंबर धरली होती. ओट्यामागचं खालचं सॉकेट तपासायला वाकावं लागतं, म्हणून मी वरच्यात टेस्टर घालून उठत होतो. कुठल्या घरात काय आहे ते मला तोंडपाठ होतं, म्हणून मला चाललं. तू शेजारी उभी राहून बघायचीस आणि तुला वाटलं, पद्धतच अशी आहे. तुझी कंबर चांगली होती, तरी तू वाकली नाहीस. ते तू माझ्याकडून शिकलीस.

तेव्हा जबाबात सगळं लिही. दांडी नव्हती तेही, आणि खालचं तपासलं नाही तेही. का तपासलं नाही ते मी लिहीन. निरीक्षकांचा पत्ता कळव. पत्ता दिला नाहीस तर शोधून काढीन.

पंख्यांच्या दुकानाला अजून हो म्हणू नकोस.

मामा

१२ एप्रिल

मामा,

पत्ता देणार नाही. माझ्या चुकीला तुमच्या कंबरेचा टेकू नको. पंचवीस वर्षांची घोडी झाले, एव्हाना डोकं चालवायला हवं होतं. तुम्ही यात पडू नका.

पण तुमचं पत्र घेऊन मी काल पैलवानाच्या घरी गेले. इतके दिवस फक्त फळं ठेवून दारातूनच परतत होते. त्याचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तो माझ्याशी नीट बोलत नव्हता, आणि मला ते बरोबरच वाटत होतं. शेवटी त्याने विचारलं, "खालचं का नाही बघितलंस?" दीड महिना मी स्वतःलाच हे विचारत होते. उत्तर म्हणून मी तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं.

तो वाचत गेला आणि मग हसायला लागला. इतका हसला की दुसऱ्या हाताने प्लास्टर धरावं लागलं. म्हणाला, "म्हणजे मला तुझ्या मामाची कंबर लागली." मी रडायला लागले तर म्हणाला, रडू नकोस, चहा कर, मला एका हाताने जमत नाही.

आल्यावर जबाब लिहिला. साडेतीन पानं झाली. ठेकेदारांना दाखवला तर त्यांनी कपाळाला हात लावला. उद्या देऊन टाकते, वीस तारखेची वाट बघत बसले तर पुन्हा खोडाखोड करीन.

दुकानाला अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

भाची

३० एप्रिल

मामा,

तुम्ही ऐकत नाही. पत्ता शोधलातच.

काल सुनावणी झाली. निरीक्षकबाई तुमच्या वयाच्या असतील, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज हळू. माझा जबाब त्यांनी शेवटपर्यंत वाचला. मग फाइलमधून तुमचं पत्र काढलं आणि तेही वाचलं, कंबरेच्या ओळी दोनदा. ठेकेदार खोकत होते. मला जमीन दुभंगली तर बरं असं वाटत होतं.

त्यांचा निर्णय असा. परमिट रद्द नाही. एक जूनला प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा द्यायची, पास झाले तर परमिट परत. आणि ठेकेदारांनी त्या वसतिगृहातलं एकेक सॉकेट उघडून दोन सर्किटं असतील तिथे एकच दांडी बसवायची. जाताना त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तुमच्या मामांनी एकतीस स्वयंपाकघरं लिहिली आहेत. तिथल्या कार्यालयाला कळवणं मला भाग आहे. पण आमचा माणूस पोचण्याआधी ते स्वतः त्या दारांत गेले, तर मला जास्त आवडेल."

आता तुमच्यावरही नोटीस येणार. हेच मला नको होतं.

आणि मामा, एक जूनचं काही खरं नाही. पुस्तकातलं सगळं येतं. पण गेल्या आठवड्यात घरमालकीणबाईंनी दिव्याचं बटण बदलायला सांगितलं. मी मुख्य बोर्ड बंद केला, तीनदा टेस्टर लावला, आणि तरी हात पुढे जाईना. त्यांना सांगितलं, बाजारात बटण मिळालं नाही. अशा माणसाने परमिट घेऊन काय करायचं? दुकानवाले पंधरा मेपर्यंत थांबायला तयार आहेत.

भाची

२० मे

भाचेबाई,

पंधरा तारीख गेली. तू काय ठरवलंस ते लिहिलं नाहीस, आणि मी मुद्दाम विचारलं नाही. आधी माझं ऐक.

निरीक्षकबाईंचा निरोप वाचला त्याच दिवशी मी पहिल्या घरी गेलो. शिंपीणबाईंचं घर. त्यांना इतका आनंद झाला की काही विचारू नकोस. म्हणाल्या, इतक्या वर्षांनी आपलं काम बघायला कोण येतं हो. मी चहा प्यायलो, सॉकेटकडे पाहिलं, छान आहे म्हणालो आणि घरी आलो. मामीने विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, आज त्यांची गडबड होती. मामीने जेवताना पाण्याचा तांब्या आपटून ठेवला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी दारातच उभा राहिलो, आत गेलोच नाही. म्हणालो, "बाई, बसायला आलो नाही. तुमच्या ओट्याचं काम मी चुकीचं केलंय." बावीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. मग सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, म्हणजे आता एक बंद पडलं की दुसरंही पडणार? त्यापेक्षा आहे तेच बरं होतं. मी म्हणालो, सोयीचं होतं, बरोबर नव्हतं. त्यांनी किटलीचा प्लग काढला. मग म्हणाल्या, तिथे नात किटली लावते, करून टाका.

आतापर्यंत सव्वीस घरांनी होकार दिला. चौघांनी सांगितलं, आमचा माणूस आम्ही बघू. एका निवृत्त मास्तरांनी दार लावून घेतलं, मग खिडकीतून विचारलं की आज किटली लावू का नको. मी खिडकीतूनच उत्तर दिलं. नोटीस आली आहे, तिचा मला राग नाही.

आता अडचण अशी, की निवृत्त होताना मी परमिट परत केलं. मी बोलू शकतो, एमसीबीला हात लावू शकत नाही. इथले दोन वायरमन तयार आहेत, चांगले आहेत, आणि एक जूननंतर आठवडाभर तुझी वाट पाहून मी त्यांनाच बोलावणार आहे. लोकांना तुझ्यासाठी जास्त ताटकळत ठेवणार नाही. पण मला तू हवी आहेस. लाडापोटी म्हणत नाही. तुझा हात पुढे गेला नाही हे तू लिहिलंस, तेव्हापासून वाटतं, ज्याचा हात कधी अडला नाही अशा माणसाने हे काम बिघडवलं होतं. ते अडणाऱ्या हातानेच नीट व्हावं. तीनदा टेस्टर लावलास ना? चारदा लाव. मी शेजारी उभा राहीन. घाई करणार नाही.

मामी म्हणते, पत्रात जेवणाचं विचारायचं राहिलं.

मामा

४ जून

मामा,

पास झाले. परमिट समोर टेबलावर आहे, पुन्हा पुन्हा बघते.

दुकानाला नाही म्हणायला चौदा मेलाच गेले होते, तुम्हाला लिहिलं नाही, कारण परीक्षेत हात अडला तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि अडलाच. परीक्षकांनी सॉकेट काढायला सांगितलं आणि मी टेस्टर धरून तशीच उभी. मग वर बघितलं, खाली बघितलं, आधी चालू असलेल्या जागी लावून टेस्टर तरी चालतोय का ते बघितलं, पुन्हा वर, पुन्हा खाली. परीक्षक घड्याळाकडे बघायला लागले. मी म्हणाले, वेळ लागेल. ते म्हणाले, लागू दे. मग हात आपोआप पुढे गेला.

शनिवारी येते. एका दांडीचे एमसीबी इथूनच घेऊन येते, जड आहेत, गाडीपाशी या. दारात तुम्ही बोला, बोर्डापाशी मी बघते. मामीला म्हणावं, तीन आठवडे मुक्काम आहे, तेव्हा जेवणाचं समोरासमोर बघ.

भाची

२ जुलै

मामा, मामी,

सुखरूप पोचले. मामीने दिलेला डबा गाडीतच संपवला.

मास्तरांचं घर शेवटी मी एकटीनेच केलं याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण तुमच्यामागे त्यांनी मला जे सांगितलं ते लिहायलाच हवं. म्हणाले, तुझ्या मामावर मी दार लावलं, मग दिवसभर विचार करत बसलो, की मला माझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांच्या दारात जावं लागेल. तुम्हाला त्यांनी बुद्धिबळाला बोलावलं आहे. जा.

आज कामावर पहिला दिवस. तेच स्वयंपाकघर, तोच ओटा, अजून चार सॉकेटं राहिली आहेत. पैलवानाचं प्लास्टर निघालंय, मनगट थोडं वाकडं जुळलंय आणि तो सगळ्यांना ते कौतुकाने दाखवत फिरतो. ठेकेदारांनी विचारलं, जोडीदार बदलून हवा का? मला वाटलं, हो म्हणेल. तो म्हणाला, नको, आता हिच्याइतकं तपासणारं दुसरं कोणी मिळायचं नाही.

मी मुख्य बोर्डावर गेले, नवी दांडी खाली ओढली, दोन्ही सर्किटं मिळून पडली. परत येऊन वर तपासलं, खाली तपासलं. मग पुन्हा एकदा वर, पुन्हा एकदा खाली. तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयार होता.

"तू बघितलंस ना?" तो म्हणाला. "मग झालं."

मामा, चार महिने मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर ती फेब्रुवारीची सकाळच आठवली.

मी टेस्टर त्याच्या हातात दिला. "नाही झालं," मी म्हणाले. "आता तू बघ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून, त्या वाकड्या मनगटाने, वरून खालून सगळं सावकाश बघितलं. आणि मग आम्ही दोघांनी मिळून झाकण उघडलं.

तुमची भाची